इंग्रजीतला उखाणा

तोंडी परीक्षेत मॅडमनी ‘डिस्पाइट’ घालून वाक्य मागितलं आणि कुमुदबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सहा महिने त्या ‘डिस्पाइट ऑफ’ म्हणून चुकत होत्या. घरून नवऱ्याची तंबीच होती, “या वयात कसलं इंग्रजी? नापास झालीस की क्लास बंद!”

तोच नवरा आत्ता खिडकीतून दिसत होता. भर उन्हात, गल्लीच्या तोंडाशी, नेहमीसारखा लुना घेऊन त्यांना न्यायला आलेला.

“घाबरताय काय? नाव घ्या, नाव!” मागून कुणीतरी ओरडलं. उखाण्याला कुमुदबाई जन्मात अडल्या नव्हत्या. पदर सावरून त्या ताडकन उठल्या.

“डिस्पाइट द सन, डिस्पाइट द रेन, दिगंबरराव वेट्स फॉर मी इन द लेन!”

एकही ‘ऑफ’ नाही! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मॅडमनी जागेवरच पास करून टाकलं.

गल्लीत पोहोचेपर्यंत कुमुदबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“माझं नाव इथपर्यंत ऐकू आलं,” दिगंबरराव लाजून पुटपुटले. “डिस्पाइट म्हणजे काय गं?”

“क्लास नको म्हणूनसुद्धा रोज न्यायला येता ना,” लुनावर बसत त्या म्हणाल्या, “तेच!”