शेवटचा रकाना

सास्तूरच्या भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली, तरी बलभीमतात्या छताखाली झोपत नाहीत; अंगणात बाज टाकतात. लेक अर्पिता पुण्यात जुना फ्लॅट घेणार होती, म्हणून ठिकठिकाणच्या दरांची यादी घेऊन आली होती. तात्यांनी चष्मा लावून कोथरूड, हडपसर, वाघोली असा एकेक दर तपासला.

"वाघोलीचा सातवा मजला लई स्वस्त हाय की. मग हडपसरचा तळमजलाच का धरून बसलीस? माझी भीती तू कशाला उरावर घेतीस? मी काय तिथं ऱ्हायला येणार न्हाय."

"मी न्हाय भीत, तात्या. शेवटचा रकाना वाचा."

दर, मजला, इमारतीचं वय आणि सगळ्यात शेवटी तिनं लिहिलं होतं, 'बाहेर तात्यांची बाज मावते का?' सगळ्या फ्लॅटांपुढं 'नाही' होतं. एकट्या हडपसरपुढं 'हो'.

"बाज कधी मोजलीस?"

"दिवाळीत. तुम्ही घोरत होता तवा."

तात्यांनी त्या 'हो'वर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "उशाला पाण्याचा तांब्या लागतो मला. तेवढी जागा धरलीस का?"