आमटीतलं प्रोटीन

डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रोटीन पावडरचा डबा दिगंबररावांनी मेलेला उंदीर टाकावा तसा टेबलाच्या कडेला सरकवला.

“ही सगळी नवी थेरं! माझी आई म्हातारपणीही जात्यावर बसायची. तिला लागली होती पावडर? घरात रोज डाळ शिजते, तिच्यात काय माती असते?”

विमलताईंनी आमटीचं पातेलं टेबलावर आणून ठेवलं. जिना चढताना त्यांचे पाय लटपटायचे, म्हणून तर तो डबा आला होता. आणि डाळ कुठल्या डब्यात असते हे ज्याला जन्मात ठाऊक नाही, तो गृहस्थ त्यांना डाळीवर व्याख्यान देत होता!

त्याच आईनं, म्हणजे सासूबाईंनी, लग्नानंतर त्यांना वाढायची रीत शिकवली होती. डाव तळापर्यंत घालायचा आणि घट्ट डाळ पुरुषांच्या वाटीत वाढायची. बाईनं मागून जेवायचं, वर उरलेल्या पाण्याशी. तेही पुरलं नाही, तर पातेलं विसळून घ्यायचं.

“वाढतेस ना?” दिगंबरराव खेकसले.

आज विमलताईंनी डाव वरच्यावर फिरवला आणि त्यांच्या वाटीत आमटी ओतली. मग समोर स्वतःचं ताट घेतलं, तळाची डाळ आपल्या वाटीत काढली आणि शांतपणे पहिला घास घेतला.

“ही कसली आमटी? नुसतं पिवळं पाणी!”

“रोज मी खाते, तीच,” विमलताईंनी डबा त्यांच्याकडे सरकवला. “घालू का चमचाभर पावडर?”