आपोआप उघडलेलं पान

"माझी लाडकी कादंबरी आहे, नीट बांधून द्या," शिक्षिका बाई म्हणाल्या. "माझ्या मेकॅनिक नवऱ्याला तिची काडीचीही किंमत नाही. तिच्यातल्या नायकाबद्दल वीस वर्षं एकच पालुपद, 'एवढं प्रेम होतं तर सरळ बोलायला काय झालं होतं?' आणि आता स्वतःच आठ दिवस मूग गिळून बसलाय. उद्या मी बहिणीकडे चाललेय. कायमची."

पुस्तक कण्यावर उभं धरून सोडलं, की सगळ्यात जास्त वाचलेलं पान आपोआप उघडतं. आम्हा बाइंडरांना हे पक्कं ठाऊक असतं. मी तसंच करून पाहिलं.

"हे तुमचं आवडतं पान ना?"

"छे! इथे नायिका निघून जाते आणि नायक दारात नुसता उभा राहतो. मला नाही वाचवत. मी हे पान कायम गाळते."

पानाच्या कडेला ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचे ठसे होते. काही जुने, फिकट. एक अगदी ताजा.

"बांधताना कडा कापल्या की हे डाग जातील," मी म्हणालो.

बाईंनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"मुळीच नाही. वर्गातली मुखदुर्बळ पोरं मी मोठ्यानं वाचायला लावूनच बोलती केलीत. आज हे पान त्याच्याकडून वाचून घेते."