दगडावरचं दुसरं नाव

सर्वसंतांच्या सुट्टीला, मेलेल्यांच्या कबरींवर दिवे लावायच्या दिवशी, सारं गाव कबरस्तानात लोटतं. कोणाच्या कबरीवर किती फुलं, कोणाची लेकरं आली, याचा निवाडा तिथल्या तिथे होतो. ब्रोनिस्वावा सकाळपासून नवऱ्याच्या कबरीपाशी बसली होती. रीतीप्रमाणे दगडावर त्याच्या शेजारी तिचंही नाव कोरून ठेवलं होतं. मृत्यूची तारीख तेवढी बाकी होती.

क्राकुफ शहराहून मुलगा झेनोन आणि सून इवोना आले. सुनेने शेवंतीच्या कुंड्या चार कबरींपलीकडून दिसतील अशा मांडल्या.

"झेनोन, यंदा मला तुमच्याकडे ने रे. आता लाकडं फुटत नाहीत माझ्याच्याने. एकटीने हा हिवाळा निघायचा नाही."

"घर लहान आहे गं, आई. बघू पुढे."

तेवढ्यात इवोनाने एक दिवा सासऱ्याच्या नावाखाली लावला आणि दुसरा सासूच्या.

"अगं बाई, जित्या माणसाला दिवा?" शेजारची कबर पुसणारी हालिना ओरडली.

झेनोनने आईच्या नावावर पडलेलं पान हलकेच झटकलं.

"असू दे, आई," तो मायेने म्हणाला. "हिवाळ्यात रस्ते धड नसतात. तेव्हा आम्हाला यायला नाही जमलं तर?"