ट्रेलरखाली कोण

रणगाडे वाहून नेणाऱ्या अजस्र ट्रेलरखाली आडवी होऊन मंजूषा घुलेनं ब्रेकचं नवं लायनर बसवलं, पण तिचं मन सकाळच्या दवाखान्यातच अडकलं होतं. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकू आले नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आठवडाभरानं पुन्हा बघू.

हे नवे ट्रेलर आपल्याखालच्या माणसांच्या काळजाचे ठोके ऐकत आणि सगळे बाहेर पडेपर्यंत ब्रेक सोडत नसत. तरी बाहेर आलेल्यानं जुन्या रिवाजानं ओरडून सांगायचंच.

"खाली दोन माणसं आहेत," ट्रेलर म्हणाला.

सुभेदार बाबर चाकाचाकाशी वाकून बघत आले. "घुले, आणखी कोण शिरलंय तिथं?"

"कुणीच नाही, साहेब."

"मग हे बिघडलं म्हणायचं. बंद करून परत चालू करतो."

मंजूषाच्या हातातला पाना तसाच राहिला. दुसरा हात आपसूक पोटावर गेला.

"राहू द्या साहेब. बरोबर मोजतंय ते."

ती जपून सरकत बाहेर आली, ग्रीसनं माखलेल्या बाहीनंच तिनं डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात ओरडली, "दोघं बाहेर."

हवेचा लांब सुस्कारा टाकत ट्रेलरनं ब्रेक सोडले.