नाव काढलं

विद्यापीठातून नाव काढायला ती गेली, तेव्हा आर्थिक मदतीच्या खिडकीवरच्या बाईंनी तिला समजावलं. “अगं, सत्र मध्येच सोडलंस तर मिळालेल्या मदतीतला मोठा हिस्सा परत करावा लागतो. तीन आठवडे कळ काढ, मग सगळी तुझीच.” “वडील परांचीवरून पडलेत, अंथरुणाला खिळलेत. घरी दुसरं कुणी नाही,” ती म्हणाली. बाईंनी सुस्कारा सोडून शिक्का मारला. संध्याकाळी ती सामानासकट घरी पोचली आणि वडिलांना सगळं सांगून मोकळी झाली. आयुष्यभर परक्यांची घरं रंगवलेला तो माणूस चिडून हसला. “पोरगी नाव काढील, म्हणून सांगत सुटलो होतो सगळ्यांना. काढलंस बाई!” “बाबा, लॅपटॉप विकते. उरलेलं हप्त्याने फेडीन.” “तीन आठवडे काय जड होते? शेजारचे डबा देत होते ना? काढले असते मी कसेबसे.” “आणि कूस कुणी बदलली असती? पाठीला जखमा झाल्यात तुमच्या.” ते छताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “आता भिंतीकडे वळव मला.” तिने त्यांना अलगद कुशीवर केलं. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, खांदे तेवढे गदगदताना दिसत होते. तिलाही रडायचं होतं, पण अंगात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. तिने पाणी कोमट केलं, फडका पिळला आणि पाठ पुसायला घेतली.