अकरा वर्षं मागे
हॉस्पिटलला दुपारी तीनला कळलं की एका पेशंटसाठी मूत्रपिंड मिळू शकतं, आणि नेमकं तेव्हाच हॉस्पिटलचा सर्व्हर प्रत्यारोपण केंद्राच्या सर्व्हरशी बोलेना. रिपोर्ट चारच्या आत तिकडे पोचले नाहीत तर मूत्रपिंड यादीतल्या पुढच्या पेशंटला जाणार होतं, आणि फोनवर सांगितलेलं केंद्राला चालत नसे. “काका कधीचे डायलिसिसवर आहेत गं,” सिस्टर सर्व्हर सांभाळणाऱ्या इंजिनिअरला म्हणाली. “बघ ना काही होतंय का.” केंद्राचं सर्टिफिकेट, म्हणजे त्या सर्व्हरचं ओळखपत्र, इंजिनिअरने दोनदा तपासलं होतं. ते अस्सल होतं, तरी हॉस्पिटलचा सर्व्हर दर वेळी ते नाकारत होता. पावणेचारला तिची नजर स्क्रीनवरच्या तारखेवर गेली. सकाळी वीज जाऊन आल्यापासून सर्व्हरचं घड्याळ अकरा वर्षं मागे जाऊन बसलं होतं. त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं. “म्हणजे तो त्याच्या जागी बरोबरच होता,” ती पुटपुटली आणि तिने तारीख दुरुस्त केली. पापणी लवायच्या आत दोन्ही सर्व्हरनी एकमेकांना ओळखलं आणि रिपोर्ट गेले. ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने तिला अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी नेलं. आत काका झोपले होते. पलंगाला अडकवलेल्या पिशवीत नळीतून थेंब थेंब लघवी उतरत होती. काकू आधीपासूनच तिथे उभ्या होत्या. “चार वर्षांनी लघवी होतेय त्यांना,” त्या कुजबुजल्या. “आणि बघा, अर्धी भरलीसुद्धा.” तिघी त्या पिवळ्या पिशवीकडे बघत राहिल्या.